मोडेम भाड्याचा की स्वतःचा?
अमेरिकेत केबल इंटरनेटच्या बिलात मोडेमचे भाडे बहुधा दरमहा १० ते १५ डॉलर असते. स्वतःच्या मोडेमची किंमत त्यामुळे साधारण वर्षा-दीड वर्षात वसूल होते. ग्राहकाने स्वतःचे उपकरण वापरल्यास २०१९ च्या कायद्यानुसार कंपनीला त्याचे भाडे लावता येत नाही. मोडेम मात्र कंपनीच्या मान्य यादीतलाच हवा, आणि शक्यतो डॉक्सिस ३.१ मानकाचा, थोडे पैसे वाचवण्यासाठी जुना ३.० घेणे शहाणपणाचे नाही. भिंतीतून आलेली केबल मोडेममागच्या आट्यांवर हाताने घट्ट फिरवायची आणि लेबलवरचा मॅक क्रमांक कंपनीकडे नोंदवायचा. घरचा फोनही त्याच केबलवर असेल, तर फोनची सोय असलेलाच मोडेम लागतो. भाड्याचा मोडेम परत केल्याची पावती जपावी. भाडे पुढेही लागत राहिले, तर तोच पुरावा.