जिस्ट कार्डावरची मराठी आणि आजचे संगणक

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात आणि प्रोग्राम म्हणजे अशा आज्ञांची मालिका असते. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचे प्रोग्राम इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या १६ बिट प्रोसेसरच्या आज्ञांवर बेतलेले होते. आजचे बरेच प्रोसेसर त्याच घराण्यातले आहेत, पण ६४ बिट पद्धतीत चालताना डॉसला लागणारी जुनी सोय ते देत नाहीत. त्यामुळे ६४ बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्राम सुरूच होत नाही.

यावर उपाय म्हणजे एम्युलेटर, अर्थात जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. तो जुनी आज्ञा वाचतो आणि तिचे काम नव्या प्रोसेसरकडून करून घेतो. एकेका आज्ञेचा असा अर्थ लावत बसले की वेग मंदावतो. म्हणून काही एम्युलेटर वारंवार लागणारा भाग एकदाच नव्या आज्ञांत बदलून जपून ठेवतात. डॉससाठी डॉसबॉक्स हा एम्युलेटर मोफत मिळतो.

मराठी प्रोग्रामचे मात्र एवढ्याने भागत नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकाच्या आत खाचेत बसवले की नोंदी ठेवण्याच्या डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही देवनागरीत लिहिता-वाचता येई. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या संशोधनाचे हे फार मोलाचे फळ होते. पण अक्षरे दाखवण्याचे काम कार्डाचे होते. ती खाच नव्या संगणकांतून गेली आणि डॉसबॉक्स प्रोसेसरची नक्कल करत असला, तरी या कार्डाची करत नाही. प्रोग्राम चालतो, मराठी दिसत नाही.

फायलीत अक्षरे इस्की या भारतीय प्रमाणानुसार क्रमांकांत साठवलेली असत. १९९१ च्या प्रमाणात ‘ख’ म्हणजे १८०. डॉसच्या मूळ इंग्रजी अक्षरतक्त्यात त्याच क्रमांकावर चौकट आखायच्या रेघेचा तुकडा आहे. उदाहरणार्थ, भिवंडी तालुक्यातल्या ‘खारबाव’चे सहाही क्रमांक या रेघांच्याच पट्ट्यात पडतात, त्यामुळे फायलीत हेच क्रमांक असतील, तर कार्डाविना गावाचे नाव म्हणजे रेघांचे सहा तुकडे दिसतात.

माहिती मात्र शाबूत असते. युनिकोड या आजच्या अक्षरप्रमाणातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली आहे. त्यामुळे जुनी फाइल उघडून १८० च्या जागी युनिकोडमधला ‘ख’चा क्रमांक २३२६ घालायचा, असे एकेक अक्षर बदलत नेता येते. नुक्ता आणि हलन्ताची काही रूपे तेवढी वेगळी हाताळावी लागतात. नुसत्या नोंदी हव्या असतील तर हाच मार्ग सोपा. जुन्या प्रोग्राममधली आकडेमोडही हवी असेल, तर एम्युलेटरला कार्डाचीही नक्कल शिकवावी लागेल.