हाडे आखडून जगणारा सरडा

फर्नांडिना बेटावर सकाळी उतरताना नजर खालीच ठेवावी लागते. पुंता एस्पिनोसाच्या काळ्या लाव्हावर तितकेच काळे सागरी इग्वाना शेकड्यांनी एकमेकांच्या अंगावर पसरलेले असतात. खडक कुठे संपला आणि प्राणी कुठे सुरू झाला, हे चटकन कळत नाही. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवरच्या गॅलापागोस समूहातले हे सर्वांत तरुण बेट. त्याचा ला कुंब्रे ज्वालामुखी मार्च २०२४ मध्येही उसळला होता. क्रूझचे जहाज दूर नांगर टाकते. छोट्या होडीतून पर्यटक येतात, एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त १६. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचे. प्राण्यांना अर्थात हा नियम ठाऊक नसतो.

मध्येच ‘फिस्स’ असा आवाज होतो आणि एखादा इग्वाना नाकातून तुषार उडवतो. ही सर्दी नव्हे. समुद्री शेवाळाबरोबर पोटात गेलेले जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथी असे बाहेर टाकतात. डोक्यावरचा पांढरा थर त्याच मिठाचा. ऊन तापल्यावर मोठे नर शेवाळ खायला समुद्रात बुडी मारतात. थंड पाण्यात अंग गार पडते, म्हणून परतल्यावर पुन्हा ऊन खात बसायचे. उबेशिवाय खाल्लेले पचत नाही. शेजारीच उडता न येणारा पाणकावळा आपले खुरटे पंख वाळवत उभा असतो.

या साऱ्यांचे पोट थंड पाण्यावर चालते. आपल्याकडे पावसाची चिंता वाढवणारा एल निनो इथे समुद्र तापवतो आणि शेवाळ मरते. मग सागरी इग्वाना फक्त रोडावत नाहीत, लांबीलाही कमी होतात. मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. दोन वर्षांत ही घट २० टक्क्यांपर्यंत होती. एवढी घट हाडे आखडल्याशिवाय शक्य नाही. जे जास्त आखडले, ते जास्त जगले. अन्न परतल्यावर पुन्हा वाढलेही. माणसाची झिजलेली हाडे सहजी भरून येत नाहीत, म्हणून हाडांच्या अभ्यासकांना या सरड्याचे कुतूहल वाटावे हे साहजिकच.

पण उपाशी राहून तगणारा हा प्राणी दुसऱ्याच गोष्टीपुढे हतबल ठरला. जानेवारी २००१ मध्ये ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबालजवळ रुतले. बरेचसे तेल प्रवाहाने दूर नेले, सांता फे बेटाला त्याचा थोडासाच अंश लागला. तरी वर्षभरात तिथले ६२ टक्के सागरी इग्वाना दगावले. शेवाळ पचवणारे आतड्यातले जिवाणू तेलाने मेले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. इथे फिरणाऱ्या पर्यटक बोटींच्या टाक्यांतही इंधन असतेच.

संध्याकाळी सहाच्या आत बेट सोडावे लागते. होड्या परततात, तेव्हा इग्वाना ऊब टिकवायला पुन्हा एकमेकांच्या अंगावर चढू लागलेले असतात.