हैदराबाद : ऊन पडलेलं असतानाही अंबरपेठचा मुसारामबाग पूल बंद का होतो?

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडून हैदराबादला दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी किंवा पाहुण्यांकडे जाणाऱ्यांना पावसाळ्यात एक अनुभव ठरलेला. काचीगुड्याला गाडीतून उतरायचं, दिलसुखनगरला जायचं म्हणून ऑटो ठरवायचा आणि अंबरपेठच्या अलीकडेच ऑटोवाल्यानं सांगायचं, "पुल बंद है साब, घूमके जाना पडता." शहरात पाऊस नाही, रस्ता कोरडा, वर ऊन. तरी पूल बंद. पोलीस उगाच अडवतात, असं मग वाटू लागतं. तसं नाही. या पुलाचं दुखणं समजून घ्यायचं तर मुसी नदी वरून पाहावी लागते.

मुसारामबागचा जुना पूल मुसीवर अंबरपेठ आणि मलकपेठ-दिलसुखनगर ही दोन बाजू जोडतो. (नावाचा मुसा म्हणजे निजामाच्या चाकरीतला फ्रेंच सेनानी रेमाँ. १७९८ मध्ये तो वारला, त्याची समाधी याच भागात आहे. लोकांच्या तोंडी 'मुस्यो रेमाँ'चं 'मुसा राम' झालं.) पूल म्हणायचा खरा, पण आपल्याकडे ज्याला फरशीपूल म्हणतात त्या जातीचा. पात्रापासून फार उंच नाही. उन्हाळ्यात मुसीतून सांडपाण्याची धार वाहते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. नदी भरली की पाणी थेट रस्त्यावर येतं. ऑक्टोबर २०२०, जुलै २०२२, सप्टेंबर २०२५ : प्रत्येक वेळी पूल पाण्याखाली गेला आणि वाहतूक थांबवावी लागली.

आता मूळ मुद्दा. मुसी उगम पावते विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात. लातूर-बिदर मार्गानं रेल्वेने येणारे लोक विकाराबाद ओलांडूनच हैदराबादेत शिरतात, म्हणजे या नदीचं माहेर त्यांच्या वाटेवरच आहे. तिथे पडलेला पाऊस उस्मानसागर तलावात येतो. मुसीची उपनदी ईसी, तिच्यावर हिमायतसागर. दोन्ही नद्या लंगरहौजजवळ बापूघाटाला मिळतात आणि मग एकत्र शहरात शिरतात. पुरानापूल, नयापूल, चादरघाट आणि त्याच्या खाली मुसारामबाग.

हे दोन तलाव बांधले गेले तेच मुळी पुरामुळे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात हजारो माणसं गेली, शहरातले पूल वाहून गेले, फक्त कुतुबशाही काळातला पुरानापूल टिकला. त्यानंतर निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाला. शहराला पाणी आणि पुरापासून आडोसा, दोन्ही एकदम.

पण तलाव भरला की त्याचा आडोसा संपतो. मग वरून जेवढं पाणी येईल तेवढं दरवाजे उचलून खाली सोडावंच लागतं, नाहीतर धरणालाच धोका. म्हणजे विकाराबाद, शंकरपल्लीकडे रात्री पाऊस झाला, दरवाजे उचलले, की काही तासांनी अंबरपेठला नदी चढते. तेव्हा अंबरपेठला ऊन असो की चांदणं, काही फरक पडत नाही.

किती पाणी? २६-२७ सप्टेंबर २०२५ ला दोन्ही तलावांतून मिळून ३० हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं. बातम्यांत क्युसेक हा शब्द रोज येतो, अर्थ फारसा कुणी सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. ३० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेआठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८५ टँकर दर सेकंदाला पुलावर ओतले, असं समजा. त्या रात्री महात्मा गांधी बसस्थानकात, म्हणजे आपल्या एसटी जिथे लागतात त्या इमलीबनमध्ये, पाणी शिरलं आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या वस्त्यांमधल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. पूल बंद होण्यानं आपला तास जातो, त्यांचा संसार भिजतो. हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पाणी उतरलं की पूल लगेच का सुरू करत नाहीत, हा पुढचा प्रश्न. कारण खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पूर पुलावरून जातो तेव्हा तीन गोष्टी होतात. एक, कमानी-नळ्यांत झाडं, प्लास्टिक, जलपर्णी अडकते, पूल बांधासारखा होतो आणि पाण्याचा सगळा रेटा त्याच्यावर येतो. दोन, कठडे तुटतात, डांबर उखडतं. हे दिसतं, म्हणून त्याचीच दुरुस्ती आधी होते. तिसरी गोष्ट वाईट : खांबांच्या बुडाशी भोवरा तयार होतो आणि तो पायाखालची माती उकरून नेतो. वरून रस्ता ठणठणीत, खाली पोकळ. म्हणून पाणी उतरल्यावर गाळ काढून, पाया पाहूनच वाहतूक सोडायची असते. घाई करणाऱ्या कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा इथे थांबा म्हणणारा इंजिनिअर ऐकावा.

महाराष्ट्रानं याची किंमत मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या नदीत गेल्या. शेजारी नवा पूल होता, तरी एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह पडला, चार जणांचा जीव गेला.

मुसारामबागला मात्र नुसती दुरुस्ती हा इलाजच नव्हता. कठडे नवे बसवता येतात, सांधे बदलता येतात, खांबांभोवती दगड-काँक्रीट भरता येतं. पुलाची उंची दुरुस्त करता येत नाही. उलट दर दोन वर्षांनी डांबराचा थर चढवत गेलं तर जुन्या पुलावरचं ओझंच वाढतं. म्हणून इथे उंच पुलाची मागणी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ५२ कोटींच्या नव्या पुलाची पायाभरणी झाली. पण नदीपात्रातलं काम पावसाळ्यात रखडतं. वर्षातले कोरडे महिने हातात, त्यातच पाया, त्यातच खांब. शिवाय अर्धवट बांधकामाचे आधार पात्रात उभे असताना पूर आला तर कचरा अडकायला आणखी एक जागा होते. पायाभरणीनंतर दोन वर्षांनी, २०२५ च्या पुरातही, लोकांच्या नशिबी वळसाच आला तो यामुळे.

आणखी एक गैरसमज. अंबरपेठच्या उड्डाणपुलाचं ५ मे २०२५ ला औपचारिक उद्घाटन झालं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता त्रास संपला. तो वरंगल रस्त्यावरचा, गोलनाक्याकडून सहा नंबरच्या चौकावरून जाणारा पूल. तो नदी ओलांडत नाही. त्यानं सिग्नल वाचतो, मुसी नाही.

मग बाहेरून येणाऱ्यानं करावं काय? पूल बंद असला की पोलीस अंबरपेठकडची वाहनं अली कॅफे चौकातून जिंदा तिलिस्मात, गोलनाका, निंबोळीअड्डामार्गे चादरघाटकडे वळवतात. चादरघाटचा खालचा पूलही सखल आहे, तोही याच वेळी बंद होतो, त्यामुळे सगळी गर्दी वरच्या पुलावर येते. दवाखान्याची वेळ घेतली असेल तर हे धरूनच निघा. इमलीबनला उतरणाऱ्यांना मेट्रो सोपी : एमजीबीएसवरून लाल मार्गिकेनं मलकपेठ, मुसारामबाग, दिलसुखनगर. ती नदीच्या खूप वरून जाते. निघण्याआधी टीव्हीवर हैदराबादच्या पावसापेक्षा हिमायतसागरचे किती दरवाजे उचलले ते पाहा.

आणि बॅरिकेड बाजूला सारून मोटारसायकल घालणारे दर वर्षी दिसतातच. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगू लागते. पुलावर कठडा कुठे संपतो हे गढूळ पाण्यात कळत नाही.