फोन हातात नसताना फोनची पारख

कामगार-चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. आम्ही ही विद्या कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. कामापुरती, विचारीत विचारीत शिकलो. पण हल्ली हजेरी मोबाईलवर लागते, आणि हजेरीवर पगार ठरतो. तेव्हा हा विषय आमचा नव्हे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

हकीकत अशी की, आमच्या संघटनेतील काही सफाई-कामगार बायांचे एका ठेकेदाराच्या ॲपमध्ये वरचेवर खाडे पडू लागले. बाया तर कामावर हजर! विचारणा केली तेव्हा ‘बायांना फोन वापरता येत नाही’ असे उत्तर मिळाले. आम्ही भांडायला निघालो, तोच संघटनेत येणारा एक तरुण म्हणाला, "काका, आधी त्यांच्यासारखा फोन संगणकात उभा करून पाहू."

संगणकात फोन उभा करण्याचे दोन प्रकार आहेत. ॲपल कंपनीच्या साधनाला सिम्युलेटर म्हणतात. तो फोनचे नुसते सोंग आणतो. ॲप चालते ते खुद्द मॅक संगणकाच्याच प्रोसेसरसाठी तयार केलेले. अँड्रॉइडचा एम्युलेटर याहून खोलात जातो. तो क्यूईएमयू या साधनाच्या पायावर फोनचे यंत्रच संगणकात मांडतो आणि त्यावर अँड्रॉइड चालवतो. ही सोय अँड्रॉइडने २००७ साली आणि ॲपलने २००८ साली आपापल्या पहिल्या साधनसंचांबरोबरच दिली होती.

हे फोन खिडक्या उघडून, बटणे दाबून सुरू करता येतात. पण त्या तरुणाने काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ते सुरू केले. ‘एम्युलेटर’ या शब्दापुढे ‘लिस्ट-एव्हीडीज’ लिहिले की तयार करून ठेवलेल्या फोनांची यादी येते. मग ‘एव्हीडी’ म्हणून त्यातले एक नाव दिले की तो फोन जागा होतो. पहिल्याला ५५५४ हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला ५५५६. मॅकवर हेच काम ‘सिमसीटीएल’ करते. त्याला ‘लिस्ट’ म्हटले की यादी आणि ‘बूट’ म्हटले की फोन सुरू. मात्र सिम्युलेटरची खिडकी वेगळी उघडावी लागते. नाहीतर फोन चालू असूनही दिसत नाही.

बटण सोडून हा खटाटोप कशाला, असे आम्हीही विचारले. त्याचे कारण असे की, तोंडी हुकूम हवेत विरतो, लेखी हुकूम पुन्हा पुन्हा बजावता येतो. आज्ञांची एक फाइल केली की दहा तऱ्हेचे फोन एकामागून एक उठवता येतात, रात्री कोणी बसलेले नसतानाही. ‘नो-विंडो’ म्हटले तर एम्युलेटर पडद्याविनाच चालतो. ‘वाइप-डेटा’ म्हटले तर फोन कोरा होऊन उठतो. ‘नेटस्पीड’पुढे ‘एज’ लिहिले की नेट जुन्या फोनसारखे रेंगाळते.

एक खोच मात्र लक्षात ठेवावी. ‘एडीबी’ला फोनची वाट पाहायला सांगितले, तर फोन जोडला गेल्याबरोबर ते मोकळे होते. पण डोळे उघडले म्हणजे माणूस अंथरुणातून उठला असे होत नाही. फोन पुरता सुरू झाल्याची खूण, म्हणजे ‘बूट कम्प्लीटेड’ची किंमत १, दिसल्यावरच पुढचे काम सांगावे. आमची पहिली तपासणी याच घाईने फुकट गेली.

दुसऱ्या खेपेस लहान पडद्याचा फोन घेतला आणि बायांच्या फोनसारखी अक्षरे मोठी केली. त्यांपैकी कित्येकींना चष्मा लागतो, म्हणून त्या अक्षरे मोठी ठेवतात. तेव्हा उघडकीस आले की हजेरीचे बटण पडद्याच्या खाली जाते आणि पान वर सरकतच नाही. अक्षरे लहान केली की बटण दिसू लागते. दोष बोटांचा नव्हता, आखणीचा होता.

तरी सोंगावर सर्वस्वी विसंबू नये. ॲपलच्या सिम्युलेटरला खरा कॅमेरा नसतो. उन्हात तापणारा फोन, फुटकी काच, मरत चाललेली बॅटरी यांची परीक्षा संगणकात होत नाही. म्हणून आम्ही एका बाईच्या हातातल्या फोनवरही तेच करून पाहिले. तिथेही बटण गडप. मग आज्ञांचा कागद आणि दोन्हीकडची छायाचित्रे घेऊन आम्ही ठेकेदाराकडे गेलो. आमच्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हणण्याची गरजच पडली नाही. ‘या आज्ञा तुमच्या संगणकावर द्या’ एवढेच म्हणालो. ॲप दुरुस्त झाले, खाडे रद्द झाले, कापलेला पगार मिळाला.

आपल्या घरातही कोणी मुलगा वा मुलगी हे काम करीत असेल. त्यांना एवढेच सांगावे: यादीतला नवा कोरा, मोठ्या पडद्याचा फोन रोज उठवता, तसा अधूनमधून लहान पडद्याचा, मोठ्या अक्षरांचा, रेंगाळत्या नेटचा फोनही उठवा. त्याला आज्ञेची एकच ओळ जास्त लागते.