मोटारखान्याची जमीन

दौलताबादच्या किल्ल्यांत चिनी महालाच्या भिंतीवर निळ्यापांढऱ्या झिलईदार फरशीचे थोडे तुकडे अजून दिसतात. त्या फरशीवरूनच महालास हें नांव पडलें. इ. स. १६८७ मध्यें गोवळकोंडा जिंकल्यावर औरंगजेबानें अबुल हसन कुतुबशाहास याच महालांत बंदिवान ठेविलें होतें. तेथें एक गोष्ट सहज ध्यानांत येते. चकचकीत शोभा आहे ती भिंतीवर. गड चढतांना पायांखालीं मात्र काळा दगडच लागतो. भिंतीवरच्या फरशीस कोणी तुडवीत नाहीं; जमिनीवरची फरशी तुडविली जाण्यासाठींच असते. हा साधा भेद विसरल्यामुळें घरीं मोटारखाना बांधणाऱ्या गृहस्थांचा पैसा पुष्कळदां वायां जातो.

मोटारखाना म्हणजे दिवाणखाना नव्हे. त्यास ना ऊब, ना गारवा. दौलताबादच्या परिसरांत वैशाखांत पारा चाळीस अंशांवर जातो, पौषांतल्या पहाटे तो पुष्कळ खालीं उतरतो, आणि आषाढांत ओलीं चाकें चिखल घेऊन आंत येतात. शिवाय टनभर वजनाची मोटार चार तळहातांएवढ्या जागेवर उभी असते. थंड देशांत अशा जागेसाठीं हिमानें न फुटणारी फरशी निवडतात. पाण्याचें बर्फ होतांना तें सुमारें ९ टक्के फुगतें, आणि फरशीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेलें पाणी तिला आंतून फोडतें, हें त्याचें कारण. दौलताबादेस पाणी गोठत नाहीं. तरी त्या निवडीचें मर्म तेथेंही लागू पडतें. जी फरशी पाणी पीत नाहीं, ती तेलही सहसा पीत नाहीं.

मराठवाड्यांत खरा शत्रु हिम नसून काळी माती होय. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशी कितीही किंमतीची असो, कांहीं पावसाळ्यांतच तिची एकेक लादी हलूं लागते. यास्तव फरशी निवडण्यापूर्वीं जमीन उकरून पाहावी. काळी माती लागल्यास ती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो थराथरानें धुमसानें चोपावा, त्यावर दगडांचें सोलिंग व सुमारें चार इंच कांक्रीट घालावें, आणि तें आठवडाभर तरी ओलें ठेवावें. जेथें मुरूम किंवा कातळ हातभरावरच लागतो, तेथें हा खर्च पुष्कळ वांचतो.

यानंतर फरशीचा विचार. भिंतीसाठीं केलेली झिलईदार फरशी प्रथमच वगळावी. ती आपल्या वजनाच्या दशांशाहूनही अधिक पाणी शोषूं शकते, आणि चाकाखालीं चिरते. शहाबादी फरशी स्वस्त व परिचित. ती इंचाहून जाड आणि खरखरीत असेल तर चांगली टिकते. परंतु तो चुनखडीचा दगड असल्यामुळें बॅटरींतील गंधकाम्लाचे थेंब त्यास खातात. कोट्याच्या दगडाचीही तीच गोष्ट. स्थानिक काळ्या दगडास त्या अम्लाचें भय फारसें नाहीं. मात्र तो घडविण्याची मजुरी अधिक पडते. १९२२ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनीं जिला घरोघरीं नेलें, ती सिमेंटची फरशी दिवाणखान्यांत शोभते; मोटारखान्यांत तिला तेलाचे डाग पडतात आणि अम्लही बाधतें.

व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाहीं, आणि बॅटरीच्या अम्लासही दाद देत नाहीं. मात्र ती जाड व खरखरीत घ्यावी. पावसाळ्यांत ओल्या गुळगुळीत फरशीवर घरांतील वृद्धांचा पाय सरकला, तर तिच्या शोभेनें मोडलेलें हाड सांधलें जात नाहीं. तिच्याखालीं पोकळीही राहतां कामा नये. बसविल्यावर लांकडी दांड्यानें प्रत्येक लादी ठोकून पाहावी; जेथें पोकळ आवाज येईल, तेथें ती चाकाच्या भारानें फुटण्याचा संभव फार.

कोणतीही फरशी असो, दाराकडे शंभरास एक या मानानें उतार हवा. म्हणजे पंधरा फूट लांबीस सुमारें दोन इंच. सांधे भरून घ्यावे, परंतु भिंतीलगत बारीक फट राखावी. उन्हानें फरशी किंचित् वाढते. तिला जागा न मिळाल्यास ती मध्येंच उचलली जाते.

दोन्ही खर्च एकदम झेपत नसतील, तर फरशीचा खर्च पुढें ढकलावा, पायाचा नव्हे. चांगल्या पायावरचें साधें, किंचित् खरखरीत कांक्रीट मोटारीस वर्षानुवर्षें पुरतें. त्यावर फरशी केव्हांही बसवितां येते. पण बसलेली फरशी उखडल्यावांचून तिच्याखालीं पाया घालतां येत नाहीं.