महासंगणकाच्या कोठाराची कसोटी

धान्याच्या दुकानीं गेलेलें जाणतें गिऱ्हाईक पोत्याच्या तोंडावरचे चार टपोरे दाणे पाहून भाव ठरवीत नाहीं. तें पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून तळचें मूठभर धान्य वर काढतें. नमुना साऱ्या पोत्याचा असावा, नुसत्या तोंडावरचा नसावा, एवढेंच त्याचें म्हणणें असतें. विज्ञानाच्या कामासाठीं कोट्यवधि रुपये खर्चून जे महासंगणक उभारले जातात, त्यांच्या बाबतींत मात्र हा साधा व्यवहार पाळणें कठीण होऊन बसतें; आणि सर्वांत कठीण होतें तें त्यांच्या माहितीच्या कोठाराच्या बाबतींत.

महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. हजारों संगणक वेगवान तारांनीं जोडावयाचे आणि एकच गणित त्यांच्यांत वांटून करवून घ्यावयाचें, अशी ही योजना असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ आणि २०२४ सालीं ‘अर्क’ हे महासंगणक सुरू झाले, ते याच जातीचे. वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनांतील वारा, उष्णता व बाष्प यांचा हिशेब असे संगणक करतात. परंतु केलेला हिशेब कोठें तरी लिहून ठेवावा लागतो, आणि हजारों लेखनिक एकाच वेळीं लिहूं लागले म्हणजे एक वही पुरत नाहीं. म्हणून एकेका फाईलीचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर एकाच वेळीं ठेवण्याची व्यवस्था करतात. हिलाच समांतर फाईल-प्रणाली म्हणतात. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९९९ सालीं आरंभ झालेल्या संशोधनांतून निघालेली ‘लस्टर’ ही अशा प्रणालींपैकीं एक होय.

या कोठारांत दोन खातीं असतात. एक प्रत्यक्ष माल सांभाळतें. दुसरें नोंदवही सांभाळतें. फाईलीचें नांव काय, ती कोणाच्या मालकीची, केवढी, तिचे तुकडे कोणत्या सर्व्हरांवर आहेत, हें नोंदवहीवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाहीं. फाईली मोठ्या पण थोड्या असल्या म्हणजे मालाच्या खात्यावर भार पडतो आणि नोंदवहीवाला स्वस्थ बसतो. लहान फाईली लाखोंनीं आल्या म्हणजे उलट होतें: माल मूठभर, पण नोंदवहीपुढें रांग लागलेली. म्हणून या कोठाराचा वेग किती, या प्रश्नाला एकच उत्तर असूं शकत नाहीं. काम कोणतें, हें आधीं विचारावें लागतें.

जगांतील पांचशें अग्रगण्य महासंगणकांची यादी १९९३ सालापासून वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते. तींतील क्रम ‘लिनपॅक’ नांवाच्या चाचणीवर ठरतो. समीकरणांची एक प्रचंड राशि यंत्र किती त्वरेनें सोडवितें, तेवढें ही चाचणी मोजते. कोठाराचा कस तींत लागत नाहीं. कोठाराचा वेग म्हणून जो आंकडा सांगितला जातो, तोहि पुष्कळदां पोत्याच्या तोंडावरचाच असतो. प्रत्येक प्रक्रियेनें आपली स्वतंत्र फाईल घ्यावी, ती मोठमोठ्या सलग तुकड्यांनीं लिहावी, कोणी कोणाच्या वाटेंत येऊं नये, अशी चाचणी ठेवली कीं आंकडा डोळे दिपविणारा येतो. त्यांत आणखी एक फसगत लपलेली असते. संगणक जें नुकतेंच लिहितो, त्याची प्रत कांहीं काळ त्याच्या स्वतःच्या स्मृतींत राहते. तेंच त्यानें लगेच परत वाचलें, तर तें कोठारांतून न येतां स्मृतींतूनच येतें. आणि मोजणाऱ्याला वाटतें कीं कोठारच विलक्षण चपळ आहे!

प्रत्यक्ष काम इतकें सरळ नसतें. दिवसेंदिवस चालणारें गणित यंत्राच्या बिघाडानें वायां जाऊं नये म्हणून ठराविक वेळानें सर्व संगणकांच्या स्मृतींतील मजकूर कोठारांत उतरवून ठेवतात. तोंवर गणित बहुधा थांबून राहतें. दुसऱ्या एखाद्या कामांत हजारों प्रक्रिया एकाच फाईलींत आपापले लहान तुकडे आळीपाळीनें बसवितात. तिसऱ्यांत असंख्य बारीक फाईली निर्माण होतात. कृत्रिम बुद्धीला शिकविण्याच्या कामांत तर लिहिण्यापेक्षां वाचणेंच फार, आणि तेंहि क्रम मोडून: येथून एक चित्र, तेथून दुसरें.

या सर्वांना न्याय देणारी चाचणी कशी रचावी? २०१७ सालच्या नोव्हेंबरांत ‘आयओ-५००’ या नांवानें जी यादी प्रथम प्रसिद्ध झाली, तिच्या योजकांनीं यावर एक विचारपूर्वक तोड काढली. त्यांनीं सोपें आणि अवघड अशीं दोन्हीं कामें सक्तीचीं केलीं. सोप्या कामांत चाचणी देणाऱ्यानें आपल्या यंत्राला सोयीची अशी रचना खुशाल निवडावी. अवघड कामांत निवड नाहीं. तेथें सर्व प्रक्रियांनीं एकाच फाईलींत ४७,००८ बाइटांचे तुकडे आळीपाळीनें लिहावयाचे. ४,०९६ बाइटांच्या नेहमींच्या गाळ्यांत हा तुकडा बरोबर मावत नाहीं. त्यामुळें शेजारच्या दोघांचे तुकडे एकाच गाळ्यांत येतात, आणि एकाचें लिहिणें संपेपर्यंत दुसऱ्याला तिष्ठत राहावें लागण्याचा प्रसंग येतो. नोंदवहीच्या अवघड परीक्षेंत ३,९०१ बाइटांच्या असंख्य फाईली एकाच कप्प्यांत निर्माण करावयाच्या. शिवाय केलेल्या फाईलींतून हव्या त्या शोधून काढण्याचीहि परीक्षा आहे. लिहिण्याचें काम निदान ३०० सेकंद चाललेंच पाहिजे, आणि एका प्रक्रियेनें लिहिलेलें दुसरीनें वाचावें, असे नियम असल्यामुळें स्मृतीच्या आडोशाला राहून मोठा आंकडा मिळविणें कठीण होतें. सोप्या कामाचा वेग ही कमाल मर्यादा आणि अवघड कामाचा वेग ही किमान मर्यादा. सामान्य संशोधकाचें काम या दोहोंच्या दरम्यान कोठें तरी पडेल, असा यामागील हिशेब आहे.

गुण देण्याची रीतहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. १०० आणि १ यांची नेहमींची सरासरी ५०.५ येते, आणि तींत एकाचें दुबळेपण झांकून जातें. या यादींत आंकड्यांची बेरीज न करतां गुणाकार करून त्याचें मूळ काढतात; त्या रीतीनें १०० आणि १ यांचा मध्य अवघा १० येतो. लंगडी बाजू लपत नाहीं. परंतु याच रीतीनें १० आणि १० यांचाहि मध्य १० च येतो. म्हणजे माल भराभर हलविणारें पण नोंदवहींत अडखळणारें एक कोठार आणि दोन्हीं खात्यांत सारखेंच बेताचें असलेलें दुसरें कोठार, यांना एकच क्रमांक मिळूं शकतो! म्हणूनच एकंदर गुणांबरोबर प्रत्येक परीक्षेचे निरनिराळे गुणहि प्रसिद्ध केले जातात. शहाण्या खरेदीदारानें तेच आधीं पाहावे.

तरीहि जगाच्या यादींतील नमुना हा एखाद्या विशिष्ट संस्थेच्या पोत्याचा नमुना नव्हे. कसोटी प्रसिद्ध झाली कीं यंत्रें कामासाठीं न घडतां कसोटीसाठीं घडूं लागतात, हाहि धोका असतोच. यावर उपाय म्हणजे आपल्या येथील कामाचें निरीक्षण करणें. अमेरिकेंतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत यासाठीं तयार झालेल्या साधनाचें नांव ‘दर्शन’ असें आहे, आणि तें आपल्या संस्कृत शब्दावरूनच ठेवलेलें आहे. संशोधकाचा कार्यक्रम चालू असतां त्यानें किती फाईली उघडल्या, केवढ्या तुकड्यांनीं लिहिलें, किती वेळ कोठारापाशीं गेला, याची थोडक्यांत नोंद हें साधन ठेवतें. अशा वर्षभराच्या नोंदी हातीं असल्या म्हणजे कोणतीं कामें खरोखर वारंवार होतात तें दिसतें, आणि तीं ज्या प्रमाणांत होतात त्याच प्रमाणांत चाचणींत घालतां येतात.

ही दक्षता केवळ तज्ज्ञांची हौस नव्हे. उद्यांच्या पावसाचा अंदाज परवां हातीं आला तर त्याचा शेतकऱ्याला किंवा कोळ्याला कांहींच उपयोग नाहीं. गणित वेळेवर होऊनहि तें कोठाराच्या दारांत अडून राहिलें, तर हजारों संगणक वीज जाळीत नुसते उभे राहतात, आणि तो खर्च सार्वजनिक पैशांतून होत असतो. म्हणून असें यंत्र विकत घेणाऱ्या संस्थेनें विक्रेत्याचा आंकडा ऐकण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या कामाची नोंद पुढें ठेवावी, आणि त्या कामाला लागणारा वेळ किती, तो मोजून दाखविण्यास सांगावें.