द लॉर्ड ऑफ द रिंग्ज चित्रपटत्रयीच्या गृह-आवृत्त्यांतील चित्रदर्जा व रंगबदल

द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही पीटर जॅक्सन दिग्दर्शित अद्भुतरम्य चित्रपटत्रयी २००१ ते २००३ या काळात प्रदर्शित झाली. घरी पाहण्यासाठी ती पुढे डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि ४के अल्ट्रा एचडी या माध्यमांतून प्रकाशित करण्यात आली. या आवृत्त्यांमध्ये चित्राची स्पष्टता व रंग एकसारखे नाहीत. द फेलोशिप ऑफ द रिंग या पहिल्या चित्रपटाच्या २०११ मधील विस्तारित ब्ल्यू-रे आवृत्तीत दिसणारी हिरवट छटा विशेष वादग्रस्त ठरली.

चित्रीकरण व रंगसंस्करण

तिन्ही चित्रपटांचे चित्रीकरण न्यू झीलंडमध्ये ३५ मिमी फिल्मवर झाले. अँड्रू लेस्नी हे त्यांचे छायालेखक होते. पहिल्या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट छायालेखनाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. चित्रित फिल्म संगणकात उतरवून तिचे रंग बदलण्याची पद्धत, म्हणजेच डिजिटल रंगसंस्करण, त्या काळी नवी होती. पहिल्या चित्रपटाच्या मोठ्या भागावर या पद्धतीने काम झाले, तर उर्वरित भागाचे रंग पारंपरिक रासायनिक पद्धतीने जुळवण्यात आले. पुढील दोन्ही चित्रपटांचे रंगसंस्करण संपूर्णपणे डिजिटल होते. या कामाची प्रमुख जबाबदारी पीटर डॉयल यांच्याकडे होती.

कथेतील प्रत्येक प्रदेशाला वेगळी रंगयोजना देण्यात आली. शायरची हिरवळ उबदार व गडद आहे, रिव्हनडेलवर शरद ऋतूतील सोनेरी प्रकाश आहे, लोथलोरिएन निळसर-रुपेरी आहे, तर मोरियाच्या खाणी करड्या व फिकट आहेत. पात्रांचा प्रवास कोणत्या भूमीतून चालला आहे, हे प्रेक्षकाला रंगांतूनही कळते. त्यामुळे रंगांतील बदल या चित्रपटांत कथनावरही परिणाम करतो.

डीव्हीडी

पहिला चित्रपट २००२ मध्ये डीव्हीडीवर आला. त्याच वर्षी त्याची विस्तारित आवृत्तीही प्रकाशित झाली. चित्रपटगृहातील १७८ मिनिटांच्या तुलनेत ती २०८ मिनिटांची असून दोन तबकड्यांवर विभागलेली होती. अशा विभागणीमुळे प्रत्येक मिनिटाच्या चित्रासाठी तबकडीवर अधिक जागा मिळते व संकोचनामुळे येणारे दोष कमी होतात. तरीही डीव्हीडीच्या चित्रात ४८० किंवा ५७६ आडव्या रेषाच मावत असल्याने बारीक तपशील मर्यादितच राहिले.

ब्ल्यू-रे आणि हिरव्या छटेचा वाद

मूळ लांबीचे तिन्ही चित्रपट २०१० मध्ये ब्ल्यू-रेवर आले. या माध्यमात १९२० × १०८० बिंदूंचे चित्र मिळत असले, तरी पहिल्या चित्रपटाच्या प्रतीवर टीका झाली. फिल्मचे नैसर्गिक कण पुसून टाकल्याने चेहऱ्यांवरील पोत हरवला असून कडा कृत्रिमरीत्या ठळक केल्या आहेत, असे समीक्षकांचे म्हणणे होते.

विस्तारित आवृत्त्या २०११ मध्ये ब्ल्यू-रेवर आल्या. पहिल्या चित्रपटाची प्रत नव्याने तयार केल्यामुळे तपशील अधिक स्पष्ट झाले, मात्र जवळजवळ संपूर्ण चित्रपटावर हिरवट-निळसर छटा पसरलेली आढळली. बर्फ, ढग व पांढरी वस्त्रे यांत ती सहज जाणवते, कारण पांढऱ्या रंगात इतर रंगाची अल्प भेसळही डोळ्यांना टिपता येते. डीव्हीडी व ब्ल्यू-रेवरील तीच दृश्ये शेजारी-शेजारी ठेवून चाहत्यांनी हा फरक दाखवून दिला. हे रंग दिग्दर्शकाच्या संमतीनेच ठेवले असल्याची प्रकाशकांची भूमिका होती. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते, सर्व दृश्यांवर एकच छटा आल्याने प्रदेशांमधील हेतुपुरस्सर राखलेला रंगभेद पुसट होतो.

४के आवृत्ती

तिन्ही चित्रपटांच्या दोन्ही लांबीच्या आवृत्त्या २०२० च्या अखेरीस ४के अल्ट्रा एचडी माध्यमात प्रकाशित झाल्या. या माध्यमातील चित्र ३८४० × २१६० बिंदूंचे असते व उजेड-अंधाराची व्याप्ती अधिक असते. मूळ फिल्म ४के दर्जात पुन्हा स्कॅन करण्यात आली. मात्र दृश्य-परिणामांचे काम मुळात २के दर्जात झालेले असल्याने ती दृश्ये मोठी करून वापरावी लागली. सहा चित्रपट एकसंध दिसावेत यासाठी रंग द हॉबिट (२०१२–२०१४) या डिजिटल कॅमेऱ्याने चित्रित त्रयीशी जुळते ठेवण्याचा जॅक्सन यांचा प्रयत्न होता. लेस्नी यांचे २०१५ मध्ये निधन झाल्याने या कामात त्यांचा सहभाग नव्हता.

हिरवी छटा नाहीशी झाल्याचे स्वागत झाले. मात्र काही दृश्यांत फिल्मचे कण अतिरिक्त प्रमाणात काढल्याने त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते, अशी टीकाही झाली.

इतर उदाहरण

द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९) या चित्रपटातील कॅन्ससची दृश्ये मुळात तपकिरी छटेची होती. १९४९ च्या पुनःप्रदर्शनापासून ती कृष्णधवल दाखवली जाऊ लागली. मूळ छटा १९८९ च्या व्हिडिओ आवृत्तीत परत आणण्यात आली. तोपर्यंत अनेक प्रेक्षकांना कृष्णधवल रूपच मूळ वाटत होते.

महत्त्व

नव्या आवृत्त्या बाजारात आल्यावर जुन्या हळूहळू दुर्मिळ होतात. त्यामुळे २००१ मध्ये चित्रपटगृहात दिसलेले रंग नेमके कसे होते, हे पडताळणे कठीण होत जाते. निर्मात्याला आपल्या कृतीत नंतर बदल करण्याचा अधिकार असावा, असे एक मत आहे. प्रथम प्रदर्शित रूप हा ऐतिहासिक दस्तऐवज असून तेही उपलब्ध राहावे, असे दुसरे मत आहे. या कारणास्तव अशा चित्रपटाच्या रंगयोजनेचा अभ्यास करताना कोणती आवृत्ती पाहिली, तिचे वर्ष व माध्यम यांची नोंद करणे आवश्यक ठरते.